‘ब्लाऊज तयार आहे’ सांगणारं पान

ताईंचा प्रोग्राम बरोबर होता. मला ते तेव्हाही माहीत होतं, आणि बायकोजवळसुद्धा मी कधी ते बोललो नाही.

जिंतूरला मोबाइलच्या दुकानावर माझा क्लास होता. फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘सर्व्हर-साइड जावास्क्रिप्ट, शून्यापासून’. शून्य खरं होतं, आणि ते माझंच होतं. इंटरनेटवरचा धडा आदल्या दिवशी बघायचा, दुसऱ्या दिवशी टाय बांधून फळ्यावर उतरवायचा. जिंतूरच्या उन्हात टाय! समोरची पोरं, पुढ्यात कॉम्प्युटर असताना, तो धडा वहीत लिहून घ्यायची. असा मास्तर, असेच चेले.

त्यात बोरीहून एक ताई यायच्या. शिवणकाम करायच्या. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन, ‘झाला का ब्लाऊज?’ वैतागून त्यांनी स्वतःच एक पान बनवलं. गिऱ्हाइकानं पावतीचा नंबर टाकला की सर्व्हरनं, म्हणजे मागं बसून उत्तर देणाऱ्या प्रोग्रामनं, सांगायचं, ‘तयार आहे’ नाहीतर ‘परवा या’. बाकीचे दिवटे तेव्हा पहिल्या धड्यातलं ‘हॅलो वर्ल्ड’ स्क्रीनवर छापून त्याचे फोटो स्टेटसला ठेवत होते.

ताईंच्या नवऱ्याची अट होती, आधी माझ्या फोनवर दाखव, मंग पुढचा महिना क्लास.

पान नवऱ्याला दाखवायला गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वर्गात उभ्या राहिल्या. “सर, लॅपटॉपवर चालायलंय, पण ह्यांच्या फोनवर काहीच दिसंना. पत्ता तर हाच धाडला मी.”

पत्ता ‘लोकलहोस्ट’चा होता. म्हणजे ‘हेच मशीन’. लॅपटॉपवर टाकला तर तो लॅपटॉपमध्ये शोधतो, फोनवर टाकला तर फोनमध्ये. नवऱ्याच्या फोनमध्ये कुठला आलाय सर्व्हर? सगळ्यांना दिसायचं तर प्रोग्राम इंटरनेटवरच्या मशीनवर चढवावा लागतो. तो कसा चढवायचा, ते मला येत नव्हतं. तिथवरचे धडे मी बघितलेच नव्हते.

“ताई, फोन उलटा धरला असंल त्यांनी!” मागून एक जण बोलला. वर्ग हसला. मीही हसलो.

“तुमच्या कोडमध्येच घोळ आहे,” मी म्हणालो. “पहिल्यापासून लिहा.”

“कुठं हाय घोळ, तेवढं दाखवा की सर.”

“शोधायला शिका. मी काय जन्मभर पुरणार आहे?”

त्यांनी सगळं पुसलं, नव्यानं लिहिलं. लॅपटॉपवर पुन्हा ‘तयार आहे’. फोनवर पुन्हा काही नाही. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. “घरच्या बायांचं काम न्हाई हे,” मी वर्गाला सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हलकट मी, आणि माझ्या पायरीला शोभणारे ते.

चढवायचं कसं, ते मी नंतर शिकलो. एका दुपारचं काम निघालं. आता परभणीला जाताना बस बोरीत थांबली की मी मोबाइलमध्ये तोंड खुपसतो.

त्यांच्या नवऱ्यासमोर ‘चूक माझी होती, यांची नव्हती’ म्हणायचं, आणि ते पान कुणाच्याही फोनवर दिसेल असं चढवून द्यायचं, हे माझ्याकडून अजून राहिलंय.