न उठलेली पंगत

शेळगावच्या म्हस्कूइतका भराभर जेवणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडला नसता. यात त्याचा दोष थोडा आणि वळणाचा जास्त. बाप आठ-आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा, आणि मेंढरू काही माणसाच्या जेवणासाठी थांबत नाही. घास तोंडात अन् डोळा कळपावर, ही घरची रीत. पुढं मेंढरं विकली, चार एकरांत ऊस आला, आणि म्हस्कू आयटीआय करून बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटला. तिथं जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली निम्मी नळापाशी हात धुवायच्या रांगेत जायची. चाळिशी उलटली तरी जेवण म्हणजे उरकायचं काम, एवढंच म्हस्कूला ठाऊक.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात त्याला सुपरवायझर केलं. मशीन खोलून हात काळे करणारा माणूस खुर्चीवर बसला, असं त्या कारखान्यात पहिल्यांदाच घडत होतं. मॅनेजर विजयसिंह कोल्हापूरकडचे, दिलदार गडी. ते म्हणाले, "म्हस्कूराव, रविवारी अकराला घरी या. वहिनींनाही आणा. आमच्याकडे रविवारी ब्रंच असतो."

ब्रंच म्हणजे काय, हे साहेबांना विचारायची म्हस्कूला लाज वाटली. त्यानं स्टोअरमधल्या हिंदुरावला गाठलं. हिंदुराव आधी पुण्यात नोकरीला होता, त्यामुळं जगातलं सगळं त्याला कळायचं.

"न्याहारी अन् जेवाण एकातच," हिंदुराव म्हणाला. "रविवारी उशिरा उठायचं, अकराला खायला बसायचं, ते दोनपतूर."

"तीन तास काय खात्यात?"

"थोडं थोडं."

म्हस्कूनं त्या दिवसापासून एकाच गोष्टीचा घोर घेतला. साहेबाच्या घरी आपण गावंढळ दिसता कामा नये. बाकीचे सुपरवायझर डिप्लोमावाले. त्यांच्यात आपण शोभलो तर शोभलो, नाहीतर खुर्ची मिळूनही जन्मभर फिटरच राहणार. स्वतःबद्दल त्याला थोडी खात्री होती. बायकोबद्दल नव्हती. म्हणून सिंधुबाईला त्यानं आठवडाभर पढवलं. मोठ्यानं बोलू नको. मिशेरी लावून येऊ नको. कुणी विचारल्याबिगर गुरांढोरांचं काढू नको. सिंधुबाई प्रत्येकाला "व्हय" म्हणाली.

पोरं मामाकडं लोणी भापकरला धाडली होती. रविवारी सिंधुबाईनं पाचला उठून धारा काढल्या, शेणघाण आवरलं, भाकरी टाकल्या. जेवायचं आवतण असलं की घरून खाऊन निघायचं नसतं, तो यजमानाचा अपमान असतो. त्यामुळं ती घोटभर चहावर राहिली. म्हस्कूनं मात्र आठ वाजता दीड भाकरी हाणली. रीत दोघांना एकच होती, पाळायची तेवढी तिनं.

एम-एटी गाडीवरून सणसर मागं टाकत दोघं बारामतीला पोचले तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. साहेबांच्या बंगल्यात दोन डिप्लोमावाले सुपरवायझर आधीच जोडीनं आलेले. साहेबांच्या पत्नी राजेश्वरी मॅडमनी हसून आत घेतलं. म्हस्कू सोफ्याच्या कडेला टेकला. सिंधुबाईनं पदर सावरला आणि सवयीनं दाराशेजारी फरशीवर फतकल मारून बसली.

"अहो वहिनी, वर बसा ना," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

म्हस्कूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभराची पढवणी पाण्यात गेली. त्यानं बायकोकडं डोळे वटारून बघितलं. वीस वर्षांच्या संसारात त्या डोळ्यांचा अर्थ तिला सांगावा लागत नव्हता. ती उठली, "आत काय काम हाय का बघते," असं पुटपुटली आणि स्वयंपाकघरात गेली. म्हस्कूनं सुटकेचा श्वास सोडला. ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज याच श्वासाची वाटली.

मग टेबलावर एकेक येत गेलं. कांदा घातलेलं आम्लेट, लोणी फासलेला पाव, बटाट्याची कटलेटं, इडली, आंब्याच्या फोडी. म्हस्कूनं पहिलं आम्लेट चार घासांत संपवलं आणि उठायला लागला.

"सावकाश, म्हस्कूराव," विजयसिंह म्हणाले. "आज घड्याळ बघायचं नाही. खा, बोला, परत खा."

आणि खरं सांगायचं तर म्हस्कूला ते जमलं. आधी अवघडला, मग सैलावला. एक कटलेट खायला दहा मिनिटं लागली तरी चालतं, मधे पाठ टेकून गप्पा मारता येतात, पोट भरलं तरी आंब्याची एखादी फोड उचलायला हरकत नसते, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. त्यानं बापाच्या मेंढरांच्या गोष्टी सांगितल्या. लांडगा आला तेव्हा बाप हातातली भाकरी न सोडता कसा धावला, हे सांगितल्यावर सगळे पोट धरून हसले. एका डिप्लोमावाल्यानं त्याला टाळी दिली. थंडगार कॉफी आली. तीही दुसऱ्यांदा आली. आपण यांच्यात बसतोय, नुसते बसतच नाही तर शोभतोय, असं म्हस्कूला वाटलं आणि छाती भरून आली.

मधे एकदा मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "वहिनी काही घेतच नाहीत हो. मी दोनदा विचारलं, 'जेवते की सावकाश' म्हणतात. सगळे ग्लास मात्र धुऊन काढले त्यांनी."

"लाजती जरा," म्हस्कू म्हणाला. "पर कामाला वाघ हाय." सगळे पुन्हा हसले, आणि म्हस्कूनं आणखी एक कटलेट घेतलं.

आता शेळगावची रीत अशी, की आधी पुरुषांची पंगत बसते. ती उठली, हात धुऊन गडी बाहेर पानसुपारीला गेले, की मग बायका बसतात. सिंधुबाई आतल्या ओट्यापाशी त्या उठण्याची वाट बघत उभी होती. बाहेर बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांशेजारी बसून खात होत्या, हे तिला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. पण त्यांना त्यांच्या नवऱ्यांनी डोळ्यांनी उठवलं नव्हतं. आणि ब्रंचचा घोळ असा, की त्यातून कुणी उठतच नाही. सव्वादोनला उठले ते एकदम चपला घालायलाच. मॅडमना वाटलं, आत सारजाबरोबर खाल्लं असेल. सारजा म्हणजे त्यांची कामवाली, ती तर बाराला घरी गेलेली.

परतताना ऊन मी म्हणत होतं. म्हस्कू गाडीवर गुणगुणत होता. सणसरच्या अलीकडं त्याच्या खांद्यावरचा हात ढिला पडला आणि मागून आवाज आला, "जरा थांबवा. गरगरतंय."

रस्त्याकडंला रसवंती होती. सिंधुबाई बाकड्यावर बसली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. म्हस्कूनं रस आणून दिला. तिनं तोंड पलीकडं वळवलं, पदराआड गटागटा ग्लास रिकामा केला आणि लाजत म्हणाली, "अजून एक सांगता का?"

दुसराही तसाच गेला. तेव्हा कुठं म्हस्कूच्या डोक्यात उजेड पडला.

"तू जेवली न्हाईस?"

"कवा जेवायचं? तुमची पंगत उठलीच कुठं?"

"आगं मग बाहीर यायचं. बाकीच्या बाया बसल्या हुत्या की."

"तुमीच आत जा म्हनला."

"मी कवा म्हनलो?"

"डोळ्यांनी म्हनला की." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गाईनं आज दूध कमी दिलं, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. "जाऊ द्या. तुमी चांगलं हसत हुता आज. बरं वाटलं ऐकून."

म्हस्कूला वाटलं, धरणी दुभंगावी. सकाळी बायकोची लाज वाटली होती. आता स्वतःची वाटत होती, आणि ती सकाळच्या लाजेच्या दसपट होती. ही आत गेली तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडला, तीन तास कटलेट चघळत बसलो आणि ही पहाटे पाचपासूनच्या उपाशी पोटानं आपलं हसणं ऐकत उभी होती. वीस वर्षांत आपण हिला जेवताना नीट बघितलंही नाही. आपण उठतो, निघून जातो. मागं ती काय खाते, किती खाते, कालवण उरलेलं असतं की नसतं, देव जाणे.

पुढच्या रविवारी त्यानं मनाशी ठरवलं. अकरा वाजता चुलीपुढं येऊन बसला आणि म्हणाला, "दोन ताटं घे. संगंच जेवू."

"मी मागनं बसते की."

"बस म्हनतो न्हवं."

तिनं त्याचं एकट्याचं ताट वाढलं. वांग्याचं कालवण, भाकरी, कांदा. मग तवा सरळ कर, चुलीतली लाकडं सार, असं करत राहिली. म्हस्कूनं थोडा वेळ वाट बघितली आणि आपलं ताट तिच्यापुढं सरकवलं.

"आज तू आधी जेव. मी मागनं जेवतो."

सिंधुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. त्या घरात भरलं ताट पुढून सारण्याचा एकच अर्थ होता. कालवण खारट झालं तेव्हा त्यानं ताट सारलं होतं. ती माहेराहून दोन दिवस उशिरा आली तेव्हाही सारलं होतं, आणि दोन्ही वेळा तीही उपाशीच निजली होती. ती हात मांडीवर घेऊन बसली.

"काय चुकलं का माझं?"

 डोळे वटारायला त्याला शब्द लागले नव्हते, आणि आता शब्द हवे होते तर एकही सापडेना. ती खाली मान घालून शिक्षेची वाट बघत होती. त्यानं ताट परत आपल्यापुढं ओढलं आणि मान खाली घालून, जमेल तितक्या भराभर जेवायला लागला. तो उठल्याशिवाय तिला घास मिळणार नव्हता.