उतारावरचे पाच दगड

सकाळी सव्वासहाला फोन वाजला. गावातला दूधवाला होता. "ग्यानबाराव, दत्तराव सायकलवरून पडले. जीपमधी घालून नांदेडला नेऊन राहिलेत. सायकल पुलाच्या उतारावरच पडून हाय, तुमी तेवढी घेऊन या." मी अंथरुणातच होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी त्या वेळेला मी अंथरुणात असायला नको होतं. उठलो, मोटारसायकल काढली आणि उताराकडं निघालो. दत्ता नांदेडला पोचलाच नाही, वाटेतच गेला. मान मोडली होती. डोक्यावरच्या हेल्मेटला साधा ओरखडा नव्हता. हेल्मेटचा पट्टा रोज दोनदा ओढून बघणारा माणूस, आणि नेमकी मानच मोडावी! माझं डोकं अजून ठिकाणावर येत नाही.

त्याला आता दीड महिना झाला. दिवाळी येऊन गेली. आणि या दीड महिन्यात आमच्या गावानं, शेजारच्या डोंगरकडा गावच्या बाजारानं, पाव्हण्यारावळ्यांनी सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, की दत्तरावला चक्कर आली. वय झालं होतं, साठी ओलांडलेल्या माणसानं पोरांचे खेळ करू नयेत, उपाशीपोटी कशाला निघायचं, बीपी असेल, शुगर असेल. अरे, कुणी बघितली चक्कर? शाळेच्या मैदानावर शोकसभा झाली. आयुष्यात सायकलचं पंक्चरसुद्धा न काढलेला एक पुढारी माइक धरून म्हणाला, "छंद चांगलाच, पण माणसानं आपल्या शरीराचं ऐकलं पाहिजे." लोकांनी माना डोलावल्या. मीही पहिल्या रांगेत बसून मान खाली घातली. चक्कर आली नव्हती. मला पक्कं माहीत आहे, आणि कसं माहीत आहे तेच सांगायला बसलो आहे.

दत्ता आणि मी एका वर्गातले. आठवी ते दहावी आम्ही एकाच सायकलवर शाळेला गेलो. सायकल त्याच्या वडिलांची, काळी, जड, घोड्याएवढी. पायडल तो मारायचा, मी मागं कॅरिअरवर पाय लोंबकळवत बसायचो. "उतर की लेका चढाला," असं तो तीन वर्षांत एकदाही म्हणाला नाही, आणि मीही एकदाही आपणहून उतरलो नाही. पुढं मी शेती धरली आणि तो एस.टी.वर ड्रायव्हर झाला. तीस वर्षं बस चालवली त्यानं. वसमत, कळमनुरी, हिंगोली, सगळा मुलूख हाताखालून गेला. सुगीत त्याचं एकच रडगाणं असायचं. आमच्याकडं रस्ता झाला, की शेतकऱ्याला वाटतं आपल्याला खळं मिळालं. अर्ध्या डांबरावर सोयाबीन पसरायचं आणि गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून कडेनं दगडांची रांग लावायची. माल वाळला, की पोत्यात भरून घरी न्यायचा. दगड मात्र तिथंच. दत्ता बस थांबवून खाली उतरायचा, एकेक दगड उचलून नालीत टाकायचा आणि मगच गाडी हलवायचा. आतले प्रवासी बोंबलायचे, उशीर होतो म्हणून. एकदा ते दगड माझे निघाले. संध्याकाळी घरी येऊन त्यानं माझ्या बायकोदेखत मला झापलं. "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का रे?" मीही काही कमी नाही. म्हणालो, "सरकारचा हाय. आन् सरकारनं खळं कुठं बांधून दिलं मला?" आठ दिवस बोलणं बंद होतं.

निवृत्त झाला त्या वर्षी त्याच्या लेकीनं, उज्ज्वलानं, त्याला सायकल आणून दिली. ती नांदेडला नोकरीला. एकुलती एक, बापाची जरा जास्तच लाडकी. सायकल अशी, की गावानं तोंडात बोटं घातली. बोटाएवढी चाकं, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, ना स्टँड, ना कॅरिअर, ना मडगार्ड. "यावर बसायचं कसं आन् चाऱ्याचा भारा ठेवायचा कुठं?" पारावरच्यांचा पहिला प्रश्न हाच. अंगाला चिकटलेली कापडं घालून दत्ता पहिल्यांदा निघाला, तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले होते. त्याला कशाचंच काही वाटलं नाही. रोज पहाटे पाचला निघायचा, कळमनुरी गाठून परत. मग औंढ्यापर्यंत जायला लागला. म्हणायचा, "ग्यानू, तीस वर्षं काचेतून बघितला रस्ता. आता कळून राहिलं की ह्याला चढ हाय, उतार हाय, वास हाय."

आणि जुलै महिना! शिवारात कोळपणी चालू, आणि आमचा दत्ता फ्रान्समध्ये. तीन आठवडे रोज दुपारपासून रात्रीपर्यंत तिथली ती सायकलची मोठी शर्यत टीव्हीवर लावून बसायचा. मला बळंच बोलावून घ्यायचा. मी वैतागायचो. "दीडदोनशे पोरं नुसती पायडल मारून राहिलीत, ह्यात बघायचं काय? जिंकतं कोण, हरतं कोण?" तो न चिडता समजावून सांगायचा. आठआठ जणांचा संघ असतो. एकानं जिंकावं म्हणून बाकीचे सात जण त्याच्यापुढं राहून वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, आणि शेवटच्या डोंगरात दमून मागं राहतात. त्यांचं नावसुद्धा कुठं येत नाही. तिसऱ्या वर्षी माझीच गत अशी झाली, की फवारणी गड्यावर सोडून चार वाजता त्याच्या ओट्यावर हजर. दत्ताची बायको शांताबाई चहा ठेवताना म्हणायची, "आले बघा दुसरे फ्रान्सचे पाव्हणे."

दोन गोष्टींपाशी मात्र दत्ता टीव्ही बघता बघता उठून उभा राहायचा. रस्त्यात कुठं दुभाजक आला, की त्याच्यापुढं एक माणूस पिवळा झेंडा हलवत, शिट्टी फुंकत उभा असतो. "बघ, एका अडथळ्यासाठी एक माणूस उभा केलाय! काहून? तर पोरगं पडू नये." आणि दुसरी गोष्ट, खड्डा दिसला की पुढचा सायकलवाला हात खाली करून बोटानं मागच्याला दाखवतो. मागचा दुश्मन संघाचा का असेना. तो त्याच्या मागच्याला दाखवतो. असा तो हात शेवटच्या माणसापर्यंत जातो. दत्तानं ती सवय उचलली. एकटा चालला असला तरी खड्ड्यापाशी त्याचा डावा हात खाली जायचा. मी मोटारसायकलवरून शेजारी येऊन हसायचो, "कुणाला दाखवून राहिला रे येड्या? मागं कुत्रं न्हाई." तो म्हणायचा, "पुढं असणाऱ्यानं दाखवायचं असतं. मागं कोण हाय ते बघत बसायचं न्हाई." आणि सुगीत दगड दिसला, की सायकल आडवी ठेवून तो उचलायचाच. लोकांना राग यायचा त्याचा. मलाही यायचा. समोरच्यानं मुकाट्यानं आपली घाण काढली, की आपल्याला कमीपणा वाटतो ना, तसला राग.

आता त्या शेवटच्या संध्याकाळचं सांगतो. आमच्या शेताजवळ पूल आहे, पुलावर उतरणारा लांब उतार आहे, आणि त्या उतारावर माझं सोयाबीन पसरलेलं होतं. आभाळ भरून आलं. गडी, बायको, मी, सगळे खराट्यानं माल ओढून पोती भरत होतो. तेवढ्यात दत्ता चालत आला आणि न सांगता पोती उचलू लागला. शेवटचं पोतं ट्रॅक्टरमध्ये पडलं आणि दत्ता वळून दगडांकडं निघाला. मी दिवसभराचा दमलेलो, त्यात ट्रॅक्टरवाला घाई करत होता. माझं टाळकं सरकलं. ओरडलो, "हात लावू नको! माझे दगड मी उचलीन. गावादेखत मला शिकवायचं काम न्हाई." तो थबकला. "बरं. पण कधी?" मी म्हणालो, "सकाळी. तू पाचला निघायच्या आत रस्ता साफ असंल. माझा शब्द." त्यानं हात झटकले. "मग झालं," म्हणाला, "उद्या ब्रेक न लावता येतो पुलावर."

...पाऊस आलाच नाही. नुसता गार वारा सुटला आणि मी मेल्यासारखा झोपलो. साडेचारचा गजर मीच बंद केला.

फोन आल्यावर सायकल आणायला मी गेलो, तेव्हा उतारावर कुणी नव्हतं. काळ्या डांबरावर माझे पाच काळे दगड जागच्या जागी होते, दत्ताला घाईनं उचलणाऱ्यांचं तिकडं लक्ष गेलं नव्हतं. नाही, चार जागच्या जागी, आणि पाचवा हातभर सरकलेला. त्याला टायरचं रबर लागलं होतं. मी रस्ता मागं चालत जाऊन बघितला. चाक घासल्याची एकही खूण नव्हती. दत्तानं ब्रेक लावलाच नव्हता. दुसऱ्या कुणाचं सोयाबीन असतं तर त्यानं दहादा बघितलं असतं. माझ्या शब्दावर तो भरधाव आला. आणि मी काय केलं? त्याची बायको जीपमध्ये हंबरडा फोडत होती त्या वेळी मी पाचही दगड एकेक करून नालीत ढकलले. मग सायकल उचलली. पोलीस आले तेव्हा रस्ता स्वच्छ होता. चक्कर आली असं पहिल्यांदा कोण म्हणालं माहीत नाही, पण मी "व्हय, असंल" म्हणालो. थू माझ्या जिंदगानीवर.

मी हे पोटात घेऊन मेलोही असतो. पण उज्ज्वला दिवाळीनंतर आली आणि सायकल भंगारवाल्याला द्यायला निघाली. आईपाशी बसून रडत म्हणाली, "मीच आणून दिली. मीच मारलं बाबांना." शांताबाई भिंतीला टेकून बसलेल्या. मला ते ऐकवेना. चूक माझी, आणि लेकरू स्वतःला खाऊन राहिलं! ओट्यावरच उभं राहून मी सगळं सांगितलं. दगड, शब्द, गजर, नाली, सगळं. शांताबाई उठून आत गेल्या. त्या अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत, बोलूही नये त्यांनी. उज्ज्वलाचे डोळे कोरडे झाले. तिनं विचारलं, "काका, पाच दगड उचलायला किती वेळ लागतो?"

मग तीच म्हणाली, "सायकल भंगारात न्हाई द्यायची. तुमच्या ओट्यावर ठेवा. रोज बघा." मी ती उचलून आणली. पुढचं चाक वाकलेलं आहे, ते तसंच ठेवलं आहे. डाव्या मुठीवरची पट्टी झिजली आहे, उजवीकडची नाही. हात सारखा काढून खाली दाखवायचा, परत मूठ धरायचा ना... दाराबाहेर पाऊल टाकलं की पहिली तीच दिसते. पहाटे साडेचारला उठतो, तिच्याशेजारून निघतो आणि उतारापासून फाट्यापर्यंत चालत जातो. सोयाबीन संपलं, पण लोकांचे दगड अजून रस्त्यातच आहेत. पुढं तूर येईल, नवे दगड येतील. उचलतो. कुणाचे आहेत ते विचारत नाही. परवा उतारावर पुन्हा पाच दगड सापडले, हरभरा पेरायला आलेल्या ट्रॅक्टरची चाकं घसरू नयेत म्हणून कुणीतरी उटीला लावून तसेच टाकून गेलेलं. मी घड्याळ बघून उचलले.

उज्ज्वला, दीड मिनिट लागतं.