फाइलमधून निसटलेला पाव इंच

तिला सगळे वेलांटीताई म्हणत. कुणाच्या अर्जात वेलांटी इकडची तिकडे दिसली की हिचं डोकं सटकायचं. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात वीस वर्षं ती लोकांच्या टाइप केलेल्या फाइलींचे पीडीएफ करून द्यायची. छापखान्यासाठी जड, फोनसाठी हलके.

एकदा दुपारी शिवणबाई आल्या. चाळीस वर्षं शिवणक्लास चालवलेल्या. "डॉक्टर म्हणतात, अजून दोन-तीन महिनेच दिसेल. तेवढ्यात माझं पुस्तक डोळ्यांनी बघायचंय." भाचीनं त्यांची शिवणाच्या मापांची वही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिली होती. छापखान्याला फाइल त्याच दिवशी पाचपर्यंत हवी होती. नाहीतर त्यांचं मशीन तीन महिने दुसऱ्या कामाला जुंपलेलं.

ताईनं फॉन्ट बदलला, पळालेल्या वेलांट्या हाकलून जागेवर बसवल्या आणि हलकी फाइल बाईंच्या फोनवर पाठवली. बाईंनी अक्षरं मोठी केली, फोन नाकाला लावला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, बाहीचा घेर सव्वाबारा. इथे नुसता बारा आहे."

झालं! पाव, अर्धा, पाऊणच्या खुणा फॉन्ट बदलताना अख्ख्या गिळल्या गेल्या होत्या. पानं एकशेबारा, आणि वेलांट्यांच्या नादात ताईचं आकड्यांकडे लक्षच गेलं नव्हतं. तिला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. भाचीचा जुना फॉन्ट ताईकडे नव्हता, म्हणून मूळ फाइलीतही खुणांच्या जागी नुसते चौकोन. वही भाचीकडे, परगावी, आणि तिचा फोन लागेना.

"वही कशाला हवी?" शिवणबाई खुर्ची ओढून बसल्या. "तू वाच, मी सांगते."

डोळे मिटून, हवेत बोटं पसरून त्या सांगत गेल्या. गळा सव्वासहा, बाही जोडायचा मुंढा पावणेआठ. अडलं की ताईचाच खांदा वितीनं मापायच्या. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. पाचला दहा मिनिटं कमी असताना फाइल गेली.

पुस्तक आलं तेव्हा बाईंना अजून दिसत होतं. भिंग घेऊन त्यांनी पानन्‌पान पाहिलं. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

"उलटंच बोलताय," ताई म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून माझी लाज राहिली."

पुढे बाईंची नजर गेली. दुरुस्त केलेली हलकी फाइल मात्र जुन्या विद्यार्थिनींच्या फोनवर फिरत राहिली. एक दिवस बाई भाचीचा हात धरून दुकानात आल्या आणि फोन पुढे केला. "हिनं वाचून दाखवलंय, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

ताईनं एका विद्यार्थिनीचा निरोप वाचला, "बाई, पुस्तक बघून लेकीला पहिला फ्रॉक शिवला. बाही अगदी मापात बसली."



"परत वाच," शिवणबाई म्हणाल्या.