काचेवरच्या कुरडया

पाच वर्षांपूर्वीची मी फार हुशार बाई होते. तसली हुशारी देवानं वैऱ्याच्या सासूलाही देऊ नये.

निघोज्यात आमचं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड होतं. लेक कंपनीत कंत्राटावर, आज आहे उद्या नाही. म्हणून शेड सुनेनं अंगावर घेतलं. आमच्याकडं गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, आणि एप्रिलात पंखे थांबले की पक्षी तासाभरात माना टाकतात. तिनं अंगणात सोलरच्या काचा उभ्या केल्या, शेडाच्या कोपऱ्यात बॅटऱ्या मांडल्या.

सून मला आत्या म्हणते. "आत्या, एवढी बॅच धड गेली तरच शेड राहतंय. न्हाईतर मलाबी कंपनीची बस धरावी लागंल."

त्या गुरुवारी ती चिखलीला लग्नाला निघाली. जाताना म्हणाली, "काचा तेवढ्या पुसून घ्या. लई धूळ बसलीय."

पुसल्या. अशा लख्ख, की त्यात बघून मी कुंकू नीट केलं. हात लावला तर तव्यासारख्या तापलेल्या. उतार बेताचा, कुत्रं पोचत नाही. आणि घरात गव्हाचा चीक शिजवून तयार! एवढी ऐसपैस जागा रिकामी बघवेना. जुनी लुगडी पसरली, टोकं सुतळीनं बांधली आणि काचा भरभरून कुरडया घातल्या.

शेजारची जाऊ कुंपणावरून ओरडली, "अगं बया, विजेच्या काचा त्या!"

"मग? वीज बॅटरीत हाय. कणगी भरल्यावर रान झाकलं म्हणून दाणं कमी होत्यात व्हय?"

ती मान हलवत आत गेली. माझ्या तोंडाला कोण लागणार?

दहाला लाईट गेली. पंखे फिरतच होते. मी ऐटीत जेवले, आडवी झाले.

जाग आली ती शांततेनं. पंख्यांची घरघर बंद. बॅटरीची कणगी रिकामी झाली होती, आणि वर भर पडायची वाट मीच लुगड्यांनी झाकली होती. धावले, लुगडी ओढून काढली, कुरडया मातीत. काचांवर ऊन पडलं, जरा वेळानं पंखेही फिरले. खाली पक्ष्यांची पांढरी रास. वाऱ्यानं नुसती पिसं हलत होती.

सून आली तेव्हा केसांत लग्नातला गजरा तसाच होता.

"बॅटरीच खराब निघाली गं," मी म्हणाले.

ती काचांपाशी गेली. एका कडेला कुरडईचा तुकडा चिकटून राहिला होता. तिनं तो नखानं खरवडून काढला.

शेड आता रिकामं आहे. काचा मी अजून पुसते. कशाला, ते विचारू नका. परवा पहाटे धीर करून तिला म्हटलं, "बॅटरी खराब नव्हती गं."

ती कंपनीचे बूट घालत होती.

"ठाऊक हाय, आत्या. दार लावून घ्या, बस आली."