मळलेल्या पिठाची चिमूट

तिला सगळे घाईबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. बेकरीच्या काउंटरवर उभी राहून ती गिऱ्हाइकाला पावाची पिशवी द्यायची, सुट्टे परत द्यायला गल्ला उघडायची, आणि मध्येच “आलेच हं” म्हणून मागच्या दाराने जी सुटायची, की गिऱ्हाईक हात पसरून उभंच. “अहो घाईबाई, आमचे पैसे!” अशी हाक पाठीवर पडायची. लोक हसायचे आणि तीही जाता जाता हसून ओ द्यायची. न हसून करते काय? पोट काय कोणाला विचारून बिघडतं?

पण परसातल्या संडासाची कडी आतून लावली की तिचं हसू संपायचं. ते दार जुनं होतं, कडीही जुनी, आईच्या वेळची. लहानपणी ती याच दाराबाहेर उभी राहून आईची वाट बघायची. आतून कण्हण्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग आई बाहेर यायची ती भिंतीचा आधार घेत, डावा हात बरगडीखाली दाबून. आता पन्नाशी ओलांडलेली घाईबाई त्याच भिंतीला हात लावत बाहेर यायची. एकदा तर पावाच्या कपाटाच्या काचेत तिला एक बाई दिसली, ओढलेल्या चेहऱ्याची, डावा हात बरगडीखाली. “आई?” तिच्या तोंडून निघून गेलं. मग कळलं की ही आपणच.

आईला जाऊन जमाना झाला होता, पण गेल्या वर्षापासून ती घरात पुन्हा वावरायला लागली होती म्हणा ना. पीठ मळायच्या लाकडी काथवटीपाशी एक बुटकं स्टूल होतं, ते आईचं. त्याच्याजवळून जाताना घाईबाई अंग चोरून जायची, जणू कोणाचे गुडघे मध्ये येतील.

आई अंगानं झडत झडत गेली. खाल्लेलं अंगी लागेना. शेवटच्या वर्षात तिनं पाव सोडला, पोळी सोडली, नुसत्या दूधभातावर राहिली, तरी दुखणं जसंच्या तसं. मग काय, घरच्या बायकांना आयतंच फावलं. “काही खात नाही, तर दुखतं कशानं? थेरं आहेत सगळी!” एकीनं तर ती चोरून खाते असंही उठवलं. बाबा तसं कधी बोलले नाहीत. ते एवढंच म्हणायचे, “मनाला लावून घेते ती. मनाचा रोग आहे.” आणि एका दुपारी आईनं शाळेतून आलेल्या लेकीचा हात धरून विचारलं होतं, “मी काही खात नाही ग. तुला तरी खरं वाटतं ना?”

लेकीनं मान खाली घातली होती. तिला खरं वाटत नव्हतं. तिनं स्वतः आईचं तोंड हलताना पाहिलं होतं, काथवटीपाशी, आणि एकदा तर अंथरुणातसुद्धा. ते तिनं कोणाला सांगितलं नाही, पण आईला उत्तरही दिलं नाही. थोड्याच दिवसांत आई गेली, आणि तो प्रश्न मागे राहिला.

तर आता घाईबाईची पाळी. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, रोजची धावपळ, केस गळायचे, जिना चढला की धाप. कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं पाव बंद करून पाहिला. बरेच महिने गव्हाचा घास पानात घेतला नाही. काडीचा फरक पडला नाही! तेव्हा ती खरी घाबरली. म्हणजे आईचंच आपल्यात उतरलंय. म्हणजे आपणही ढोंगी, किंवा मग वेडी.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागद पुन्हा पुन्हा वाचला. “गव्हाचा त्रास असावा असं दिसतंय. सिलिॲक म्हणतात याला. गव्हातल्या चिकट भागानं आतडं आतून झिजतं. पण तुम्ही तर गहू सोडलाय म्हणता?”

“केव्हाच सोडलाय.”

“मग रक्तात त्याच्या खुणा एवढ्या कशा?” बाई काही आरोप करत नव्हत्या, पण घाईबाईचे कान तापले. “असो. दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून बघावा लागेल, त्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. तारीख लांबची मिळतेय. आणि ऐका, तोपर्यंत रोज गहू खायचा. खाल्ला नाहीत तर आतडं सुधारायला लागतं आणि तपासणीत काही सापडत नाही.”

“दुखलं तरी खायचा?”

“दुखलं तरी. हे घराण्यात असू शकतं. तुमच्याकडे कोणाला होतं?”

“नाही,” घाईबाई म्हणाली. काय सांगणार? आईला मनाचा रोग होता म्हणून?

त्या दिवसापासून ती औषध घ्यावं तसा पाव खायला लागली, सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून. आणि दर घासाला वाटायचं, तपासणीत काही निघालंच नाही तर? मग सगळं मनातच आहे म्हणायचं, आपलंही आणि आईचंही. कधी वाटायचं, रद्द करून टाकावी ती तारीख. माहीत नसलेलं बरं.

बेकरीत तिच्या हाताखाली तिची भाची होती, भावाची मुलगी, चांगली शिकलेली आणि जिभेला हाड नसलेली. नोकरीचा कंटाळा आला म्हणून भट्टीवर यायला लागलेली. एका दुपारी दुसऱ्या दिवसाचं पीठ मळून झालं. घाईबाईनं सवयीनं चिमूटभर पीठ तोडून तोंडात टाकलं, पुढच्या दातांनी चावत राहिली, आणि म्हणाली, “झालंय. झाक आता.”

“आत्या, हे शिकव ना मला. कसं कळतं?”

“घे चिमूट. चावत राहा. आधी पिठूळ लागेल, ते विरघळून जातं. मागे जे रबरासारखं उरतं ना, ते जिभेनं ताणून बघायचं. पटकन तुटलं तर अजून मळायचं.”

भाची मन लावून चावू लागली. “उरलं. मग थुंकायचं?”

“अग, अन्न थुंकतात होय? गिळायचं.”

“प्रत्येक घाण्याला?”

“मग? घाण्याघाण्याला पीठ वेगळं असतं.”

भाचीचं चावणं थांबलं. “आत्या, तू पाव सोडला होतास तेव्हा हे करत होतीस?”

“हे काय खाणं आहे का? हे तर...” घाईबाईनं काथवटीतल्या पिठाकडे पाहिलं.

“तो चिकट भागच तर असतो ग, डॉक्टरांनी सांगितलेला! तू सोडलं कुठं होतंस? दिवसभर खातच होतीस की!” भाची हसायला लागली, आणि आत्याचा चेहरा बघून लगेच थांबली.

घाईबाईला बसावंसं वाटलं आणि ती बसली ती नेमकी आईच्या स्टुलावर. आजवर कधी बसली नव्हती. बसल्यावर काथवट बरोबर हाताशी आली. आईचं तोंड हलायचं ते हे! चोरून खाणं नाही, ढोंग नाही. दूधभाताशिवाय काही खात नाही म्हणून शपथ घेणारी आई खरंच बोलत होती, कारण चिमूटभर पीठ चाखणं हे खाणं असतं असं या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण मग अंथरुणातलं काय? अंथरुणात कुठली काथवट?

बाबा रोज त्या वेळी काठी टेकत भट्टीच्या खोलीत येत. वय झालेलं, नजर अधू, पण पिठाचा वास घेतल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. भाचीनं खुर्ची पुढे केली. लेक त्या स्टुलावर बसलेली पाहून ते जरा थबकले.

“बाबा,” ती म्हणाली, “पीठ चावून बघायला आईला कोणी शिकवलं होतं?”

“मीच की.” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “पण शिकवणाऱ्याच्या पुढे गेली ती. तिच्यासारखी जीभ नाही झाली पुन्हा. अंथरुणाला खिळली ना, तरी तिच्याशिवाय भट्टी पेटवायचो नाही मी. रोज पिठाचा गोळा घेऊन वर जायचो. ‘बघ ग, झालंय का?’ विचारायचो, तर एरवी भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई उठून बसायची, चावायची, म्हणायची ‘झालंय’. तेवढंच हसायची दिवसात. मला वाटायचं, एवढ्यानं तरी जीव रमतो तिचा.”

भाचीनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं तिला डोळ्यांनीच दटावलं, एक अक्षर बोलायचं नाही.

आता तिला त्या तारखेची खरी भीती वाटायला लागली. दुखणं निघालं तर आई खरी ठरणार होती. आणि बाबांनी वर्षभर स्वतःच्या हातानं, प्रेमानं, तिला काय भरवलं तेही कळणार होतं. काही निघालं नाही तर बाबा सुटले, पण आई खोटीची खोटीच. एकाला वाचवावं तर दुसरं जातं. असली कसली ही तपासणी!

बाबांनी काथवटीतून चिमूट तोडली आणि तिच्यापुढे धरली. “बघ ग. झालंय का?”

तिनं ती घेतली. डॉक्टरीणबाईंनी खायलाच सांगितलं होतं. ती चावत राहिली, बराच वेळ, आणि गिळून म्हणाली, “झालंय.”

“अगदी तिच्यासारखं म्हणालीस,” बाबा म्हणाले.

पोटात कळ उठली आणि ती परसात धावली. कडी लावून खाली बसली आणि पोट दाबून धरत हळूच बोलली, “मला खरं वाटतं, आई.” इतक्या वर्षांचं देणं होतं ते. बोलल्यावर ती ढसाढसा रडली.

बाहेर काठी वाजली. दारापाशी येऊन थांबली. लहानपणी ती जिथं उभी राहायची, नेमकी तिथं.

“पोरी,” बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “पीठ गिळून तू लगेच धावलीस ना, तिच्यासारखी, तेव्हाच माझ्या मनात आलं. हे तुझं, हे पिठानं होतंय का ग?”

“अजून कळलेलं नाही, बाबा. तपासणी व्हायचीय.”

काठी जमिनीवर घासल्याचा आवाज आला.

“कळल्यावर मला सांगशील ना? खरं काय ते?”

शाळेतून आलेली पोर आईसमोर उभी राहिली होती तशीच ती मान खाली घालून बसली, आणि बाबा दाराबाहेर उत्तराची वाट बघत उभे राहिले.