सुकलूच्या भरमारीचे सात इंच

१९ ऑक्टोबर. पहाटे दव, सकाळी धुकं, नऊनंतर कडक ऊन. वारा नाही. भारी (उशिराचं) धान अजून उभं.

माझ्या डायरीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. त्याच दिवशी आमच्या कचेरीने सुकलू मडावीची बंदूक ठेवून घेतली.

बंदुकीच्या परवान्यांच्या टेबलावर पंधरा वर्षं बसलं की किस्से आपोआप साचतात. लोक बंदूक दाखवायला येतात, आणि जाताना किस्सा ठेवून जातात. तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची जी बंदूक आमच्या भागात घरोघर आहे, तिला रजिस्टरात भरमार हा एकच शब्द चालतो. लोक मात्र तिला वाटेल ते म्हणतात. ठासणीची, टोपीवाली, तुपक, नुसतीच नळी. रजिस्टरात मी भरमार लिहितो, आणि ते जे म्हणाले ते माझ्या डायरीच्या शेवटच्या पानांवर. त्या सकाळपर्यंत एकोणीस नावं झाली होती.

*

एक मालगुजार, म्हणजे जमीनदार, आपल्या बंदुकीला रायफल म्हणायचे. बंदूक चांगली होती, दोन नळ्यांची, विलायती. पण रायफल नव्हे. आमचे हेडक्लार्क दुबेजी गोंदियाचे, बोलणं हिंदीत. त्यांनी अदबीने समजावलं की रायफलच्या नळीला आतून पेचासारख्या खाचा असतात, गोळी त्यातून फिरत जाते. आपल्या बंदुकीत त्या नाहीत.

मालगुजारांनी एक डोळा मिटून नळीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताठ उभे राहून म्हणाले, "हमारे यहाँ साफ रखते हैं."

*

आमच्या जमादारांकडे सरकारी मस्कट बंदूक होती. ती पडली, तिच्यावर ओरखडा उठला, तर शिक्षा. त्यामुळे ते तिला फार जपत. एकदा कचेरीच्या बुटक्या दारातून सगळे वाकून आत आले, हे मात्र बाहेरच उभे. दुबेजींनी विचारलं, या ना, काय झालं?

जमादार म्हणाले, "खांद्यावर सरकार आहे. मी कसा वाकू?"

मी डायरीत आणखी एक नाव लिहिलं: सरकार.

*

एक पोवार म्हातारी नवऱ्याच्या मागे त्याची तोड्याची बंदूक घेऊन आली. वात पेटवून उडवायची फार जुनी चीज. काय आणलं, म्हणून मी विचारलं. "त्यांची," म्हणाली. कोणाची? "त्यांचीच जी." बंदुकीला त्या घरात दुसरं नावच नव्हतं.

परवाना नवऱ्याबरोबर संपला होता. बंदूक जमा करावी लागेल, हे तिला सांगायला मला अवघड गेलं. तिने ऐकून घेतलं आणि स्वतःच ती माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

"राहू द्या तुमच्यापाशी," ती म्हणाली. "दसऱ्याले मी येत जाईन. फूल वाहीन अन् चालली जाईन."

सहा दसरे ती आली. सातव्याला मी फुलं आणून ठेवली होती. ती आली नाही. संध्याकाळी फुलं मीच वाहिली.

*

आता सुकलूचं. चिचगडच्या वाटेवर, रानाला लागून त्याच्या आठ बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं. धान पिकायला आलं की डुकरं येतात, म्हणून त्याला परवाना. मी एकदा दौऱ्यावर असताना त्याच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर दुपारभर बसलो होतो. चार वाजता रानाकडे पाला हलला. मी हळूच विचारलं, "बंदूक भरली आहे ना?"

सुकलूने माझ्याकडे पाहिलं, मग रानाकडे पाहिलं, आणि बंदूक आडवी ठेवून तंबाखू मळायला घेतली. त्यानंतर काही आलं नाही. गावाची शीव ओलांडेपर्यंत तो बोलला नाही.

मग म्हणाला, "रानात तिचं नाव घेतलं जी तुमी. आता डुक्कर कायले येईन?"

रानात तिला लाकूड म्हणायचं असतं. लाकूड उचल, लाकूड भर. हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी डायरीत एक नाव कमावलं आणि सुकलूने एक डुक्कर गमावलं.

*

जर्मनीशी लढाईचं दुसरं वर्ष होतं. सगळ्या बंदुका पुन्हा तपासाव्यात असा हुकूम आला, आणि तपासायला नवे साहेब आले. नागपूरकडचे, वयाने तरुण, कामाला पक्के. रजिस्टरात सुकलूच्या भरमारीची नळी चव्वेचाळीस इंच होती. साहेबांनी मोजली, सदतीस भरली.

लांबीचा तो कॉलम हुकमात कधीच नव्हता. मीच सुरू केला होता, नोंद नीट असावी म्हणून.

साहेब म्हणाले, ही ती बंदूक नाही. परवान्याची कुठे विकली? सुकलू म्हणाला, हीच ती. औंदा पावसाळ्यात तोंडात चिखल गेला, बार केला तर नळी तोंडाशी फाटली, म्हणून तेवढी कापली.

"कोणी कापली?"

"मीच जी."

"कशाने?"

नळी कापायची तर लोहार पाहिजे, आणि परवान्याशिवाय बंदुकीला हात लावणारा लोहार सरळ आत जातो. त्या भागात लोहार एकच. सुकलूने नाव सांगितलं असतं तर त्याची बंदूक तिथल्या तिथे सुटली असती.

मी साहेबांना गज दाखवला. दारू ठासायची ती लांब काडी नळीच्या मापाची करतात, आणि ही नळीबाहेर चांगली दोन मुठी आली होती. साहेब म्हणाले, गज कोणत्याही लाकडाचा होतो. कापलेला तुकडा आणा.

"तुकडा आहे जी," सुकलू म्हणाला. "पण देवापाशी आहे. तिथून निंगत नाही."

आठ दिवसांची मुदत मिळाली. तोवर बंदूक कचेरीत.

*

रविवारी मी सायकलने त्याच्या गावी गेलो. वाटेत पाहिलं, दोन बांध्या आडव्या झाल्या होत्या. रोज टिनाचा डबा वाजवून राहिलो, सुकलू म्हणाला, पण डुकरं आता डब्याला ओळखतात.

बंदुकीचं जे काही तुटतं ते त्यांच्या घरी फेकत नाहीत, देवखोलीत ठेवतात. एकदा आत गेलेलं बाहेर येत नाही, आणि घराबाहेरचा माणूस आत जात नाही. मी दारात बसलो. सुकलूच्या आईने सुताची दोरी घेतली, आत गेली, तुकड्याला लावली, गाठी मारल्या आणि दोरी माझ्या हातात दिली. दोन गाठींमधलं अंतर मी पट्टीने मोजलं. पुन्हा मोजलं. पावणेसात इंच.

म्हाताऱ्या बाईला मी विचारलं, नीट लावली होती ना? तिने उलट विचारलं, "तू कायले मोजून राहिला बापा एवढं? मोजून मोजून तर त्याची नेली तुमी."

पाव इंचाचं काय करावं, याचा विचार मी परतीच्या सगळ्या वाटेने केला. गाठ जरा सरकवली तर कोणाला कळणार होतं? घरी येऊन दोरी डायरीत ठेवली, होती तशी. लोहाराचं नाव मात्र मी डायरीतही लिहिलं नाही. पंधरा वर्षांत ठाऊक असून गाळलेली ती एकच गोष्ट.

*

२७ ऑक्टोबर. सकाळी ढगाळ, दुपारी मोकळं. पाऊस नाही.

साहेबांनी सुकलूची बंदूक टेबलावर ठेवून घेतली आणि नळीच्या पुढे दोरी लावली. दुबेजींनी पट्टी धरली.

"तुकडा तुम्ही डोळ्यांनी पाहिला?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही साहेब. त्याची आई आत गेली. मी दारात होतो."

"चव्वेचाळीसला पाव इंच कमी आहे."

"हो साहेब."

दुबेजींनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढी अक्कल तुला नव्हती का. सुकलू दाराशी उभा होता.

"तेवढं कानशीनं खाल्लं असन जी," तो म्हणाला.

"कोणाच्या कानशीने?"

साहेबांनी दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"खोटी दोरी पुरी सात भरली असती," ते म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं: भरमार एक. नळी सदतीस इंच. परवाना कायम. दुपारी तीन वाजता मालकाच्या ताब्यात दिली.

आठ बांध्यांपैकी तीन डुकरांनी खाल्ल्या. पाच कापल्या गेल्या.