औंढ्याच्या गाडीत बसवलेली माझी लेक

श्रावणातला दुसरा सोमवार. मी ओट्याशी उपवासाची भगर निवडत होते, पण खडे दिसत नव्हते, कारण लक्ष फोनकडे होतं. माझी लेक माधुरी जन्मापासून पाहू शकत नाही. त्या सकाळी ती पहिल्यांदाच एकटी, काठी घेऊन, वसमतच्या स्टँडवरून हट्टा गावाला निघाली होती. तिथल्या एका पतसंस्थेत फोन घेण्याचं काम तिला लागलं होतं. मागे मागे आलीस तर कामच सोडीन, असं तिनं मला बजावलं होतं. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काहून धाडलं गं एकटीला? लेकरू हाय का पार्सल?" मी भगर तशीच ठेवली. औंढ्याच्या नागनाथाच्या तसबिरीला हात जोडून म्हटलं, तुझ्यावर सोपवली. सोपवल्यावरही जीव काही जागेवर येईना.

पोचल्यावर ती फोन करणार होती. वेळ उलटून गेली. मी लावला तर लागेना. ट्रक, उघडी गटारं, वाईट नजरेची माणसं, सगळं मनात येऊन गेलं. चप्पल पायात सरकवली, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मी औंढ्याला आले."

झालं होतं ते असं. स्टँडवर तिनं चौकशीच्या खिडकीशी हट्ट्याची गाडी विचारली. वळते तोच एका गृहस्थानं दंड धरला, चल पोरी, बसवून देतो म्हणाला. आपलं बोलणं त्यानं ऐकलं असेल, असं तिला वाटलं. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. श्रावणी सोमवारी आंधळी पोरगी निघाली म्हणजे नागनाथालाच, हे त्यानं परस्पर ठरवलं. पुण्य म्हणून तिकीटही त्यानंच काढलं, त्यामुळे कंडक्टरनंही तिला काही विचारलं नाही. उतरल्यावर शंभोचा गजर ऐकू आला तेव्हा तिला कळलं. तोवर लोक तिला भक्तिभावानं दर्शनाच्या रांगेकडे ढकलत होते. काठी हातातून गेली. बेल विकणाऱ्या एका बाईनं ती उचलून तिच्या हातात दिली आणि विचारलं, "कुठं जायचंय माय तुला?"

मी म्हटलं, तिथंच थांब, मी निघाले.

"येऊ नको. या बेलवाल्या मावशींच्या कोपराला धरून मी वसमतच्या गाडीपर्यंत जाते. ऑफिसात उशीर होईल म्हणून कळवलंय."

"आलीच आहेस तर दर्शन?"

"नोकरी राहिली तर पुढच्या सोमवारी."

दुपारी हट्ट्याहून तिचा फोन आला. साहेब थोडे रागावले, पण नोकरी राहिली. तेव्हा कुठे मी चप्पल काढली.

याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. त्याच देवळात वर्षानुवर्षं मी तिच्यासाठी दृष्टी मागितली. ती मिळाली नाही. पण त्या रेटारेटीत तिला कुठं जायचंय हे विचारणारं एक माणूस नागनाथानं तिच्यापुढे उभं केलं. इतक्या वर्षांत मीसुद्धा ते तिला फारसं विचारलं नव्हतं. देवावर सोपवायचं आणि दंड मात्र आपण घट्ट धरून ठेवायचा, हे खरं सोपवणं नव्हे. मावशींचं नाव विचारायचं राहून गेलं. रोज दिवा लावताना त्यांनाही हात जोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधुरी दारात घडीची काठी उघडत होती. मी विचारलं, "कोपऱ्यापर्यंत येऊ का?"

"नको."

"बरं," म्हटलं आणि धुणं भिजवायला गेले.